बर्फात जाताना आधी मुक्काम पाहा

हिमालयात स्कीइंगसाठी जायचे ठरले, की घरातील तरुण मंडळी बर्फ आणि उतार पाहून ठिकाण निवडतात. सोबत आजी-आजोबा असतील, तर आपण प्रथम उंची पाहावी. त्यातही रात्रीच्या मुक्कामाची. साधारणतः २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास संभवतो आणि तो बहुधा पहिल्या रात्रीच जाणवतो.

काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर आहे. तिथे जाण्यापूर्वी श्रीनगरला, सुमारे १६०० मीटरवर, दोन रात्री राहावे. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात ३९०० मीटरच्या आसपास नेतो. ज्येष्ठांनी पहिल्याच टप्प्यावर थांबणे श्रेयस्कर. हिमाचलातील सोलांगचे उतार सुमारे २५०० मीटरवर असले, तरी मुक्काम मनालीत, सुमारे २००० मीटरवर करता येतो. दिवसा बर्फ आणि रात्री खालची हवा, ही सोय वयोवृद्धांना अधिक मानवते.

हृदयविकार, दमा वा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. तिथे डोकेदुखी, मळमळ वा चक्कर सुरू झाल्यास अधिक वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, बोलण्यात गोंधळ जाणवला किंवा तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे आणि रुग्णालय गाठावे. सहल पुन्हा आखता येते.