वाडवडिलांचं काय? नगरच्या मंडळीने बोस्टनला घातलेलं कोडं

भिंगारची छावणी ज्या नगर शहराला खेटून आहे, तिथे 1831 च्या डिसेंबरात अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं सुरू झालं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने धाडलेले हे मिशनरी इव्हँजेलिकल परंपरेतले होते. या परंपरेचा गाभा सांगायला सोपा आहे. श्रद्धेच्या बाबतीत अखेरचा शब्द बायबलचा. तारण होतं ते ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणामुळे, पण ते जन्माने किंवा घराण्याने मिळत नाही. ज्याचं त्याने पश्चात्ताप करून विश्वास ठेवावा लागतो. आणि ज्याला ही सुवार्ता कळली, त्याने ती दुसऱ्याला सांगायची. शिकवण अशी नेमकी असली की एक अडचण आपोआप उभी राहते. तारणासाठी ख्रिस्तावर विश्वास हवा, तर त्याचं नावही कानावर न पडता जे गेले त्या आजा-पणजांचं काय? नगर जिल्ह्यातल्या नवख्रिस्ती कुटुंबांना हा प्रश्न पडत होता. माझं म्हणणं असं की तो अज्ञानातून आलेला नव्हता. इव्हँजेलिकल धर्मशास्त्राची ती सर्वांत खरी परीक्षा होती, आणि ती घेतली इथल्या माणसांनी.

प्रश्न इथे इतका धारदार का झाला, हे रीतीभाती पाहिल्या की समजतं. पितृपंधरवड्यात कावळ्याला घास ठेवणाऱ्या समाजात गेलेली माणसं घरातून पूर्ण जात नाहीत. त्यांच्यासाठी काही करणं हे जिवंतांचं कर्तव्य असतं. बाप्तिस्मा घेतल्यावर श्राद्ध सुटलं. कॅथलिक घरात निदान 2 नोव्हेंबरला कबरीवर मेणबत्ती लावून मृतांसाठी प्रार्थना करता येते. प्रॉटेस्टंट मंडळीत तीही सोय नाही. मेलेल्याचा निवाडा देवाकडे, जिवंतांच्या प्रार्थनेने तो बदलत नाही, ही तिथली शिकवण. म्हणजे जुना आधार गेला आणि त्या जागी नवा काहीच आला नाही. त्यावर वाडवडील कायमचे नाशाला गेले असं ऐकावं लागलं, तर बाप्तिस्मा म्हणजे आपल्याच माणसांविरुद्ध दिलेली साक्ष वाटणार.

हा प्रश्न समुद्रापार नेला रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांनी. मुंबईत 1847 साली मिशनरी घरात जन्मलेले ह्यूम 1874 पासून नगरला होते आणि पाळक घडवणारी इथली सेमिनरी त्यांनीच उभारली. ते शिकले होते अमेरिकेतल्या अँडोव्हर सेमिनरीत. तिथले काही प्राध्यापक त्या काळात एक शक्यता मांडत होते: ज्यांना या जन्मी सुवार्ता ऐकायलाच मिळाली नाही, त्यांना देव मरणानंतर ती संधी देत असेल. रजेवर मायदेशी असताना, 1886 मध्ये, ह्यूम यांनी अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांपुढे या विचाराला सहानुभूती दाखवली. वादळ उठलं. डेस मॉइन्सच्या वार्षिक सभेत बोर्डात खडाजंगी झाली आणि ह्यूम यांचं भारतात परतणं अडलं. अखेर 1887 मध्ये त्यांना परवानगी मिळाली. नगरच्या खेड्यापाड्यांतली शंका बोस्टनच्या कार्यालयाला हलवून गेली होती.

विरोधकांचा पहिला आक्षेप व्यवहाराचा होता. मरणानंतरही संधी असेल, तर मिशन कशाला चालवायचं? पैसा आणि माणसं कोण देणार? याला ह्यूम यांचं पुढचं आयुष्य पुरेसं उत्तर आहे. परतल्यावर त्यांनी अनेक दशकं इथेच काम केलं आणि 1899-1900 च्या दुष्काळात मदतकार्याला वाहून घेतलं. शेजाऱ्याला सुवार्ता सांगायला त्याच्या नरकाची खात्री असावी लागत नाही. आपल्याला मिळालेलं चांगलं वाटणं हे कारण पुरतं. उलट, फक्त भीतीवर उभी असलेली सेवा भीती ओसरली की थांबते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा, कारण तो बायबलचा आहे. इब्री लोकांस पत्रात (9:27) मरण एकदाच आणि त्यानंतर न्याय असं स्पष्ट आहे. मात्र पेत्राच्या पहिल्या पत्रात (3:19-20) ख्रिस्ताने नोहाच्या काळच्या, तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा केल्याचा उल्लेख येतो, आणि त्याच्या अर्थावर विद्वानांचं शतकानुशतकं एकमत नाही. तेव्हा ‘मरणोत्तर संधी आहेच’ हा सिद्धांत करायला पुरावा तोकडा पडतो, हे मान्य करायला हवं. पण ‘सगळे नाशाला गेले’ हा निकाल जाहीर करण्याचा अधिकारही शास्त्र माणसाला देत नाही. शास्त्र जिथे थांबतं तिथे थांबणं हीच बायबलवरची निष्ठा.

तिसरा आक्षेप चर्चबाहेरचा. आमच्या पूर्वजांना तुमच्या संधीची गरजच काय? हा सगळा वाद वरून खाली पाहणाऱ्यांचा नाही का? यात तथ्य आहे. शिवाय त्या खेडूतांचं म्हणणं आपल्यापर्यंत येतं तेही बहुतांशी मिशनऱ्यांच्या लेखणीतून. पण नगरमध्येच याला दुसरं उत्तर घडलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या सेमिनरीत शिकवलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांच्या लेखी वाडवडिलांची भक्ती हा देवाच्याच कामाचा भाग होता. ख्रिस्ताचं एकमेवपण त्यांनी सोडलं नाही. देव मिशनरी येण्याआधीपासून इथे होता, एवढं मात्र ठामपणे धरलं.

कॅथलिक चर्चने 1964 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, स्वतःचा दोष नसताना सुवार्तेपासून दूर राहिलेल्यांनाही तारण मिळू शकतं असं म्हटलं. इव्हँजेलिकल मंडळ्यांत यावर आजही एकमत नाही, आणि व्यासपीठावरून कडक निकाल ऐकवणारे उपदेशक आहेतच. त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निष्ठुर देवाला वाडवडिलांचं काय झालं असं कुणी विचारत नाही. तिथे उत्तराची आशाच नसते. हा प्रश्न तोच विचारतो, ज्याने देव न्यायी आणि प्रेमळ आहे ही शिकवण मनापासून घेतली. म्हणून प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणं म्हणजे त्याच्यात नुकत्याच रुजलेल्या विश्वासालाच गप्प करणं होय. पाळकाने ‘निवाडा देवाचा आहे, आणि तो अन्याय करणार नाही’ एवढंच सांगितलं, तरी ते धर्मशास्त्र अपुरं ठरत नाही.