वाफेच्या इंजिनाचे चित्र

रुळाकाठी उभे राहून ज्या मुलांनी वाफेच्या आगगाडीला हात केले, ती मुले आता आजी-आजोबा झाली आहेत. ब्रॉडगेजवरील वाफेच्या इंजिनांच्या नियमित गाड्या १९९५ साली बंद झाल्या. आजच्या मुलाला असे इंजिन दिसते ते बहुधा उघड्यावर मांडलेले, थंड पडलेले. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ती आहेत; नागपूरला मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयातही आहेत. शिक्षकांनी सहलीत मुलांना अशा इंजिनापुढे वही-पेन्सिल देऊन जरूर बसवावे.

बसायचे कुठे? अगदी समोर नको, अगदी बाजूलाही नको. तिरके बसावे, म्हणजे तोंड आणि लांबी दोन्ही दिसतात. तिथून चाके गोल दिसत नाहीत, अंड्यासारखी लांबट दिसतात. मुले सवयीने गोलच काढतील. त्यांना पुन्हा पाहायला सांगावे. बॉयलर म्हणजे आडवे ठेवलेले पिंप, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले. ऊन सरकते, म्हणून सावल्यांच्या कडा आधी आखून घ्याव्यात.

आता रंग. काळे इंजिन नुसते काळे नसते, बरे का! पाठीवर आभाळाची निळाई असते, पोटाखाली मातीची तांबूस झाक असते. डबीतला काळा रंग तसाच फासला, तर इंजिन तव्यासारखे सपाट दिसेल.

राहिली वाफ. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराने १८७७ साली पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकाची चित्रे रंगवली, तेव्हा त्याच्यापुढे धूर आणि वाफ होती. आपल्यापुढे ती नाही. मग ती समजून घ्यावी. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. पांढरे दिसतात ते तिचे थंड झालेले थेंब. काळा असतो तो कोळशाचा धूर. काम संपलेली वाफ सिलिंडरातून धुरांड्यात सुटते, तोच तो भक्-भक् आवाज. नेहमीच्या दोन सिलिंडरांच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार भपकारे निघतात.

म्हणून धुरांड्यावरची जागा कोरी ठेवून चित्र घरी न्यावे. आजोबांना विचारावे, धूर कुठे झुकायचा? शिटी कशी वाजायची? डोळ्यांत कोळशाचे कण जायचे का? ते सांगतील तसे मुलाने रंगवावे. लोखंड संग्रहालयात टिकेल. ही आठवण मात्र वेळेवर विचारली तरच टिकेल.