ट्राउट, गळ आणि मौन : ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’मधील तपशिलांचा अर्थ

अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ या दोन भागांच्या कथेत घडते काय, असे विचारले तर उत्तर लवकर संपते. निक अ‍ॅडम्स हा तरुण आगगाडीतून एका जळून गेलेल्या गावी उतरतो आणि चालत जाऊन नदीकाठी तंबू ठोकतो. दुसऱ्या दिवशी तो ट्राउट मासे धरतो आणि पुढची दलदल दुसऱ्या कोणत्या तरी दिवसासाठी ठेवून परत फिरतो. समोर दुसरे पात्र नाही, संवाद नाही, संघर्ष म्हणावा असा प्रसंग नाही. मे १९२५ मध्ये ‘धिस क्वार्टर’ या नियतकालिकात आणि त्याच वर्षी ‘इन अवर टाइम’ या संग्रहाच्या अखेरीस आलेली ही कथा वर्गात शिकवली जाते तेव्हा या रिकामेपणाची भरपाई बहुधा एका तयार विधानाने होते : युद्धाने जखमी झालेल्या मनाला निसर्ग बरे करतो. उत्तरपत्रिकांतून हे विधान वर्षानुवर्षे फिरत राहते. ते सर्वस्वी चूक नाही. पण त्यात कथेतला एकही मासा नाही, गळ नाही, नाकतोडा नाही. कथेचा बहुतांश मजकूर बाजूला ठेवूनही जे विधान करता येते, ते त्या कथेविषयीचे विधान मानावे काय, हा खरा प्रश्न आहे.

हेमिंग्वेने पुढे ‘अ मूव्हेबल फीस्ट’ (१९६४) या आठवणींच्या पुस्तकात सांगितले आहे की ही कथा युद्धावरून परतण्याविषयीची आहे, पण तिच्यात युद्धाचा उल्लेख नाही. तो स्वतः ८ जुलै १९१८ रोजी इटलीच्या आघाडीवर जखमी झाला होता. त्यामुळे अभ्यासकाचे लक्ष जे कथेत नाही त्याकडे वळते, आणि जे आहे ते केवळ पार्श्वभूमी ठरते. वस्तुतः न सांगितलेल्या गोष्टीचा भार ज्या सांगितलेल्या गोष्टींनी उचलला आहे, त्या म्हणजे मासेमारीचे तांत्रिक तपशील होत. ते समजले नाहीत तर मौनही ऐकू येत नाही. मराठी वाचकापुढे येथे एक साधी अडचण आहे. ट्राउट हा त्याच्या नद्यांतला मासा नव्हे.

ट्राउटला थंड, वाहते आणि स्वच्छ पाणी लागते. सह्याद्रीतले ओढे पावसाळ्यात उसळतात आणि वैशाखात त्यांचे डबके होते. अशा पाण्यात तो टिकत नाही. भारतात तो इंग्रजी अमदानीत बाहेरून आणला गेला आणि काश्मीर, कुलू, निलगिरी अशा थंड प्रदेशांत रुजला. निकच्या नदीतला ‘ब्रूक ट्राउट’ मात्र पूर्व-उत्तर अमेरिकेचा मूळ रहिवासी आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. वीस अंशांच्या वर तो अस्वस्थ होतो, कारण पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि माशाची गरज मात्र वाढते. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या मिशिगनच्या रेताड भूमीत पावसाचे आणि बर्फाचे पाणी खोल मुरते आणि झऱ्यांवाटे गार होऊन नदीत येते. हा मासा प्रवाहाकडे तोंड करून राहतो. दगडाच्या किंवा ओंडक्याच्या आडोशाला, जिथे ओढ कमी असते तिथे तो स्वतःला स्थिर ठेवतो आणि शेजारच्या वेगवान धारेतून वाहत येणारे किडे टिपतो. त्याला वरचे दिसते. काठावरच्या माणसाची सावली पाण्यावर पडली तरी तो निसटतो.

ही माहिती हाताशी असली म्हणजे कथेचा आरंभ वेगळा दिसू लागतो. निक गाडीतून उतरतो तेव्हा सेनी हे गाव उरलेलेच नसते. हॉटेलच्या जळून तडकलेल्या पायाखेरीज काही शिल्लक नाही, आणि भोवतालची भूमीही करपलेली आहे. तो रुळांवरून पुलापर्यंत जातो आणि खाली पाहू लागतो. हे निसर्गसौंदर्याचे अवलोकन आहे असे समजणे म्हणजे वाक्ये न वाचणे होय. उत्तर मिशिगनमधील पाइनची अरण्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी तोडली आणि मागे उरलेल्या पाल्यापाचोळ्याला वणवे लागले. छाया गेली की पाणी तापते, काठ ढासळले की रेतीखाली अंडी गुदमरतात. याच प्रदेशातील ग्रेलिंग नावाचा देखणा मासा वृक्षतोड आणि बेसुमार मासेमारी यांमुळे १९३० च्या दशकापर्यंत राज्यातून नाहीसा झाला. तेव्हा जळालेल्या गावाच्या पुलावर उभा असलेला जाणकार खाली पाहतो तो एक शंका घेऊन : नदी आहे का, आणि असली तर तिच्यात ट्राउट आहेत का? मासे दिसतात. प्रवाहाशी तोंड करून, पर हलवीत, जागा न सोडता उभे आहेत. ओढीविरुद्ध स्वतःला स्थिर ठेवणे ही त्यांची रीत आहे, आणि त्यांच्याकडे पाहणाऱ्या माणसाला सध्या तेवढेच हवे आहे. हेमिंग्वे ही तुलना करीत नाही. मासा जसा असतो तसा तो दाखवितो आणि थांबतो.

करपलेल्या प्रदेशातून जाताना निकला काळे नाकतोडे दिसतात. जळक्या भूमीत राहून ते काळवंडले आहेत. किती दिवस ते असे राहतील, असा विचार त्याच्या मनात येतो, आणि तो हातातला नाकतोडा सोडून देतो. टीकाकारांनी या नाकतोड्यात सैनिक पाहिला आहे. तसा तो पाहता येतो. पण दुसऱ्या दिवशी निक आमिष म्हणून वापरतो ते नाकतोडे जळक्या पट्ट्यातले नव्हेत, नदीकाठच्या ओल्या गवतातले आहेत, हे त्यांपैकी अनेकांच्या नजरेतून सुटते.

येथे एक भौगोलिक तपशील नोंदवावा लागतो. सेनीजवळून वाहणारी नदी ‘फॉक्स’ होय. हेमिंग्वे १९१९ मध्ये दोन मित्रांसह तिथे मासेमारीला गेला होता. ‘टू-हार्टेड’ ही दुसरीच नदी. ती सुपीरियर सरोवराला मिळते. कथेत नाव त्या नदीचे आले आणि दोन मित्र गळाले. ज्या लेखकाने नदीचे नाव बदलले त्याने नाकतोडा गळाला कसा टोचावा यात मात्र कोठेही सैलपणा येऊ दिला नाही. कल्पिताला कोठे मोकळीक द्यायची आणि कोठे नाही, याचा हा निर्णय बोलका आहे.

साधनांकडे पाहावे. गळ आणि मुख्य दोर यांना जोडणारा बारीक, जवळजवळ अदृश्य धागा म्हणजे ‘लीडर’. नायलॉन येण्यापूर्वी तो रेशमाच्या किड्याच्या शरीरातील रेशीमद्रव्य ताणून केला जाई. कोरडा असताना तो ठिसूळ असतो आणि गाठ मारताना तुटतो, म्हणून आधी भिजवावा लागे. निकने लीडर एका डबीत ओल्या फ्लॅनेलच्या घड्यांमध्ये ठेवले आहेत आणि त्या घड्या त्याने गाडीतल्या पिण्याच्या पाण्याने भिजविल्या आहेत. म्हणजे कथा सुरू होण्यापूर्वीच, प्रवासात, तो या दिवसाची तयारी करीत होता. दोर जड आहे, कारण जवळजवळ वजन नसलेले आमिष काठीच्या झोक्याने लांब फेकायचे तर वजन दोरातच असावे लागते. त्यासाठी त्याने पूर्वी कधी तरी आठ डॉलर मोजलेले आहेत. नाकतोडे तो पहाटेच वेचतो. दवाने भिजलेले असताना त्यांना उडता येत नाही, ऊन चढले की ते हाती लागत नाहीत. या प्रत्येक कृतीला कारण आहे, क्रम आहे आणि शेवट आहे. ज्याला मोकळा विचार परवडत नाही अशा मनाला हा क्रम एका वेळी एकच पाऊल टाकू देतो. वाक्येही तशीच आखूड, एका कृतीपुरती आहेत. शैली आणि मासेमारी या येथे दोन गोष्टी राहिलेल्या नाहीत.

पहिला लहान मासा गळाला लागतो तेव्हा निक त्याला स्पर्श करण्यापूर्वी हात पाण्यात बुडवून ओला करतो. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. कोरड्या हाताने तो निघाला की उघड्या जागी पांढरी बुरशी चढते आणि मासा मरतो. आजचे मत्स्यविज्ञानही हेच सांगते, आणि मासा धरून परत सोडणाऱ्यांना पहिली सूचना हीच दिली जाते. पण निकला हे आठवते ते एका चित्रासह : गर्दीच्या नद्यांवर, पुढेमागे माणसेच माणसे असताना, दगडांना लागून राहिलेले, बुरशीने केसाळ झालेले मेलेले ट्राउट त्याने अनेकदा पाहिले आहेत. कथेत मृत्यू आला आहे तो असा. मरणाऱ्याला वरून जखम दिसत नाही. संरक्षक थर कोणाच्या तरी निष्काळजी हाताने निघालेला असतो. हे वाचताना युद्ध आठवले तर तो वाचकाचा प्रमाद नव्हे. मात्र त्या आठवणीपर्यंत जाणारी वाट बुरशीच्या ज्ञानातून जाते.

मोठा ट्राउट निसटतो तो प्रसंग कथेचा भावनिक उच्चांक होय. रीळ किंचाळत सुटते, दोर संपत येतो, निक अंगठ्याने रीळ दाबतो. मासा पाण्याबाहेर उसळतो तेव्हा ताण कमी करण्यासाठी तो काठीचे टोक खाली आणतो, पण उशीर झालेला असतो. लीडर तुटतो. निकचा हात थरथरत असतो, त्याला किंचित मळमळते आणि तो ओंडक्यांवर जाऊन बसतो. सर्व काही रीतीप्रमाणे करूनही ताण एका मर्यादेपलीकडे गेला की धागा तुटतो, हे त्याच्या हाताला कळलेले आहे. तो घाईने पुन्हा गळ टाकत नाही. आपल्याला किती झेपेल याचा त्याचा अंदाज येथे पणाला लागतो.

दलदलीचा अर्थ याच अंदाजातून लागतो. पुढे नदी सीडरच्या दाट झाडीत शिरते. तिथे पाणी काखेपर्यंत खोल, फांद्या खाली वाकलेल्या, उजेड तुटक. मोठे मासे तिथे गळाला लागतील, पण काढता येणार नाहीत : मागे झोका घ्यायला जागा नाही, माशाला खेळवायला मोकळे पाणी नाही, पाय रोवायला तळ नाही. निकला तिथली मासेमारी शोकात्म वाटते. या दलदलीला थेट अबोध मनाचे प्रतीक म्हणणारी समीक्षा घाई करते. न जाण्याचा निर्णय आधी कुशल मासेमाराचा निर्णय आहे, आणि म्हणूनच तो भित्र्याचा ठरत नाही. निसर्ग बरे करतो हे विधान येथे अपुरे पडते. त्याच नदीचा एक भाग निकला आज झेपतो आणि एक झेपत नाही.

१९२४ मध्ये लिहिलेल्या पहिल्या खर्ड्याच्या शेवटी निकचे लेखनकलेविषयीचे लांबलचक चिंतन होते. हेमिंग्वेने ते कापले; १९७२ मध्ये ‘द निक अ‍ॅडम्स स्टोरीज’ या संग्रहात ते ‘ऑन रायटिंग’ या नावाने स्वतंत्रपणे आले. ते वाचल्यावर कापणे किती योग्य होते हे पटते. चिंतन आले असते तर तपशिलांना केवळ दृष्टान्ताची जागा मिळाली असती.

या लेखनप्रकाराला पूर्वपरंपरा आहे. आयझॅक वॉल्टनचे ‘द कम्प्लीट अँगलर’ १६५३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी चारच वर्षे राजाचा शिरच्छेद झाला होता आणि राजनिष्ठ वॉल्टनचा पक्ष यादवी युद्धात हरला होता. पुस्तकात मात्र बोलणी चालतात ती आमिषांची आणि ओढ्यांची. नॉर्मन मॅक्लीनच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ (१९७६) मध्ये मोंटानातील ब्लॅकफूट नदीवर दोर फेकण्याची चार मात्रांची लय पाद्री बाप मुलांना शिकवितो. धाकटा भाऊ त्या कलेत थोरल्याच्या पुढे जातो, आणि तरीही त्याला कोणी वाचवू शकत नाही. मॅक्लीन हेमिंग्वेपेक्षा अधिक बोलतो, क्वचित प्रवचनाच्या कडेलाही येतो. पण जे प्रेमाने साधत नाही त्याच्याविषयी कौशल्याच्या भाषेत बोलणे हा धागा समान आहे.

मराठीत ही भाषा आणताना निराळी अडचण उभी राहते. पु. ल. देशपांडे यांनी ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा अनुवाद ‘एका कोळियाने’ या नावाने केला. सांतियागोसाठी मराठीत ‘कोळी’ हा शब्द, त्यामागचा समाज आणि त्याचा समुद्र हजर होते. शिवाय जाळे विणणारा जीवही त्याच शब्दात बसला होता. निकसाठी असे काही नाही. नदीवर मासे धरणारा मराठीत भोई असतो, आणि त्याचे ते पोट असते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील मेंढ्या, पाऊस आणि चारा हे तपशीलही धनगरांच्या जगण्याला बांधलेले आहेत. पोटासाठी नाही, शिकारीच्या मर्दुमकीसाठी नाही, आणि ‘छंद’ म्हणावे तर शब्द फारच हलका पडतो, अशा निकच्या कृतीला मराठीत सामाजिक जागाच नाही. नदीचे शब्द मात्र भरपूर आहेत : डोह, कोंड, धार, खळाळ, उतार. त्यांतल्या ‘डोह’वर कवितेने इतके अर्थ चढविले आहेत की साधे खोल पाणी सांगायला तो चालेल की नाही, हे प्रत्येक वाक्यागणिक ठरवावे लागेल. ‘दलदल’ तर वृत्तपत्रांनी केव्हाच रूपक करून टाकली आहे. तो शब्द वापरला की निक परत फिरण्याआधीच अर्थ उघडा पडतो. त्यापेक्षा ‘पाणथळ झाडी’ असा नकाशातला, कोरडा शब्दप्रयोग हेमिंग्वेच्या वाक्याला अधिक जवळचा आहे.