भरतीचं गणित आणि चाकांवरचं घर

कोकणात समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला निघालात, तर थोडं अंतर गेलं की खाडी आडवी येते. सह्याद्री इथे समुद्राला इतका लगटून उभा आहे, की घाटात उगवलेली नदी बघता बघता खाडी होते. आमच्या धाटावजवळून वाहणारी कुंडलिकाही रोह्यावरून पुढे गेली की रेवदंड्याला समुद्रात संपते. पूल नसलेली खाडी लागली की एक तर मागे फिरून मुंबई-गोवा महामार्ग गाठायचा, नाहीतर गाडीसकट जंगलजेटीवर, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर, चढायचं. आम्ही दोघांनी जेटी धरली. गाडी भाड्याची होती, आणि तिच्यातच आमचं स्वयंपाकघर, अंथरूण-पांघरूण सगळं होतं.

ह्यांची सगळी नोकरी धाटावच्या एमआयडीसीत झाली, तीन पाळ्यांत. मी शाळेत भूगोल शिकवला. दोघांच्याही आयुष्यावर घंटेचं आणि भोंग्याचं राज्य होतं. निवृत्तीनंतर ॲडलेडच्या भाच्याने फोटो पाठवले. कॅम्परव्हॅन फेरीबोटीत चढवून तो नि त्याची बायको कांगारू बेटावर गेले होते. तिथल्या सील बे किनाऱ्यावर समुद्रसिंह वाळूत लोळत होते आणि वनरक्षक सांगेल तेवढं अंतर राखून माणसं उभी होती. हे म्हणाले, "अगं, फेरीबोट आपल्याकडेही आहे की!" बेत ठरला तो तिथेच.

कॅम्परव्हॅन म्हणजे काय, हे आधी सांगते, कारण शेजारणींनी मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच विचारले. मोठ्या व्हॅनच्या पाठीमागे दोन माणसांचा पलंग असतो, एका बाजूला गॅसची शेगडी, छोटा फ्रिज, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची वेगळी टाकी. दिव्यापंख्याला जादा बॅटरी असते. संडास लहानसा, आणि त्याची टाकी जाईल तिथे रिकामी करायची नसते. ती मुक्कामाच्या जागी संडासातच ओतावी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. तरी अशा गाड्यांसाठी आखलेली ठिकाणं कोकणात अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आम्ही कुणाच्या तरी वाडीत, घरमालकाला विचारून, पैसे देऊन गाडी लावायचो. माडाखाली मात्र कधीच लावायची नाही. वरून नारळ पडला तर गाडीचं छप्पर गेलंच. आणखी एक, गावातल्या गल्ल्या अरुंद असतात आणि विजेच्या तारा खाली लोंबतात. गाडीची उंची चालकाला पाठ पाहिजे.

ह्यांनी गाडीत पहिल्यांदा काय टांगलं असेल, तर कालनिर्णय. समुद्रकाठच्या माणसाला भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी पुरते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की साधारण पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर सहा. पौर्णिमेला वा अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. ओहोटी त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर. स्थळाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण हिशोब पुष्कळ जवळ जातो. यातून एक मोलाची गोष्ट निघते. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, आणि ही मोठी ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. एरवी पाण्याखाली असलेले खडक त्या वेळी उघडे पडतात. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवशी, तुम्ही दिवसभर किनाऱ्यावर बसलात, तरी ते दिसायचे नाहीत. म्हणून आमची सहल तारखेने नव्हे, तिथीने आखली. मालवण पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत गाठायचं आणि बाकीचं त्याच्या मागेपुढे बसवायचं.

पहिला थांबा फणसाड. मुरुडकडे जाताना सुपेगावला अभयारण्याचं फाटक लागतं. जंजिऱ्याच्या नबाबाचं हे शिकारीचं रान, १९८६ मध्ये अभयारण्य झालं. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. फाल्गुन-चैत्रात ओहोळ आटले की सांबर, भेकर, रानडुक्कर सगळी त्या गाणींवर येतात. आम्हाला शेकरू दिसलं, आपला राज्यप्राणी. ते फांदीवर पोट टेकून, लांब शेपूट खाली सोडून निवांत काहीतरी कुरतडत होतं. ह्यांच्या हातात दुर्बीण, माझ्या हातात वही, ही वाटणी तिथून शेवटपर्यंत टिकली.

जोडीने पाहण्याचा हा वसा आमच्या जिल्ह्याला जुना आहे. १९३० मध्ये सलीम अली अलिबागजवळच्या किहीमला पत्नी तेहमिना यांच्यासह राहत होते. तिथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटं विणून ठेवतो, मादी येऊन पारखते, पसंत पडलं तरच ते पुरं होतं, आणि मग तोच नर दुसऱ्या मादीसाठी नवं घरटं विणायला घेतो. हे उमगायला सुगरणींच्या वसाहतीसमोर दिवसेंदिवस बसावं लागलं. पुढे हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांच्या पाहणीतही तेहमिनाबाई त्यांच्याबरोबर होत्या. पक्षिशास्त्राच्या इतिहासात त्यांचं नाव याहून मोठ्याने घेतलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

फणसाडहून पुढे दोन जेट्या: आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी. दुसऱ्या जेटीने सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो आणि थोड्याच वेळात वेळास येतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं. तोवर अंडी खणून नेली जायची. आता गावातले कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालतात, मादीच्या पायांचा माग काढून घरटं शोधतात, अंडी काढून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं निघतात. नर की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्या अधिक.

घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. आम्ही होतो तेव्हा एका टोपलीखाली वाळू नुसती खचलेली दिसली. कासवमित्र म्हणाला, "काकू, थांबा जरा." खचलेल्या जागी एक काळं नाक वर आलं, मग वल्ह्यासारखा एक पाय, आणि मग एकमेकांच्या पाठीवर पाय देत सगळीच. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडीशी मोठी. त्यांना उचलून पाण्यात सोडत नाहीत, समुद्रापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात आणि चालू देतात. ती उजेडाकडे चालतात, आणि मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ बाजू असते ती समुद्राची. मागे हॉटेलचा प्रखर दिवा असेल, तर पिल्लू उलटं फिरतं आणि सुकून मरतं. आमची गाडी गावातच उभी होती. किनाऱ्यावर गाडी नेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला संताप येतो. वाळूखाली शंभरेक अंडी असू शकतात आणि वरून ती दिसत नाहीत.

ही कासवं कुठून येतात, हे कोडं आत्ता कुठे सुटू लागलं आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. अख्ख्या दक्षिण भारताला वळसा घालून आलेली ही बाई! शिकवताना मी पूर्व किनारा नि पश्चिम किनारा असे दोन वेगळे धडे शिकवायची.

दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा आणखी खाड्या ओलांडत मालवणला पोचलो. समोर कुरटे बेट, त्यावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. लोक तटबंदी बघून परततात, पण किल्ल्याभोवतीच्या पाण्याला १९८७ पासून सागरी अभयारण्याचा दर्जा आहे आणि त्या पाण्यात प्रवाळ आहेत. शनिवार-रविवारी होड्यांची गर्दी असते, बेटाला सोमवारी जा.

पहाटेच्या ओहोटीला आम्ही किनाऱ्यावरच्या खडकांत गेलो. गाडीत चहा टाकला आणि पाच मिनिटांत पाण्याशी होतो. लॉजमध्ये असतो, तर फाटक उघडायची वाट बघत बसलो असतो. परातीएवढ्या एका डबक्यापाशी उकिडवे बसलो. शंखात राहणारा एक खेकडा रिकाम्या शंखापाशी आला. नांगी आत घालून त्याने तोंडाचा घेर चाचपला, शंख गोल फिरवला, पुन्हा चाचपला. मग क्षणात आपलं मऊ, उघडं पोट जुन्या शंखातून काढून नव्यात घातलं. हे म्हणाले, "अगं, बिऱ्हाड बदललं!" तेवढ्यात एक बारका खेकडा लगबगीने त्याच्या जुन्या शंखाकडे निघाला होता. किनाऱ्यावरून शंख गोळा करून घरी शोकेसमध्ये ठेवणं मी त्या दिवसापासून बंद केलं.

डॉल्फिनसाठीही सकाळच हवी. याचं कारण मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढलं होतं. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, हे मतलई वारे. ऊन तापलं की उलट दिशेने खारे वारे सुटतात आणि पाणी उसळू लागतं. त्या आधीच्या सपाट पाण्यावर पाठीचा पर झटकन नजरेत भरतो. इथले डॉल्फिन कुबडवाले, किनाऱ्याच्या उथळ पाण्यातच राहणारे. आमच्या नाववाल्या दादांनी लांबूनच इंजिन बंद केलं. पाठलाग केला की ते बुडी मारून दूर निघतात, गप्प राहिलं की आपल्या वाटेने जवळून जातात. पाण्यावर येऊन सोडलेला त्यांचा श्वास आम्हाला स्पष्ट ऐकू आला.

वेंगुर्ल्याजवळच्या समुद्रातले खडक, वेंगुर्ला रॉक्स, आम्ही लांबूनच पाहिले. तिथल्या गुहांत पाकोळ्या राहतात, आपल्या लाळेची घरटी करतात आणि काळोखात आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. त्या घरट्यांचं सूप परदेशात महाग विकलं जातं. त्यासाठी चोरी व्हायची, पिल्लं-अंडी फेकून दिली जायची. तिथे उतरायचा हट्ट पर्यटकांनी धरू नये.

रात्री गाडीत कुळथाची पिठी आणि भात, सोबत भाजलेली सुकट. एवढ्या शेगडीवर ते झकास होतं, माशांच्या थाळीमागे रोज धावावं लागत नाही. जाणाऱ्यांनी होळीच्या आसपासचा काळ धरावा. तेव्हा कासवांची पिल्लं निघत असतात, फणसाडचे ओहोळ आटत आलेले असतात आणि समुद्र शांत असतो. मेअखेरीपासून पावसाळाभर सिंधुदुर्गाच्या होड्या बंद राहतात. दोघांपैकी एकाची झोप सावध असली पाहिजे, कारण गजर लावूनही पहाटेची ओहोटी हुकते. आमच्याकडे ते काम ह्यांचं. रात्रपाळीची सवय अजून गेलेली नाही.