पंखे पाम आणि त्यांचा एकुलता एक कोंब

नर्सरीत पाम घ्यायला गेलात की आधी पान बघा. नारळ, सुपारी, अरेका यांच्या पानाला मधोमध लांब दांडा आणि दोन्ही अंगांना पाती. ताडाचं तसं नाही. त्याच्या पानाच्या सगळ्या घड्या देठाच्या टोकाशी एकवटतात आणि तिथून पान पंख्यासारखं पसरतं. ताडगोळ्यांमुळे हा पंखा आपल्या ओळखीचा आहे. ताड स्वतः घरच्या बागेत मावणार नाही, पण त्याच्या गोतावळ्यातले काही पाम नक्की मावतात.

निवडण्याआधी या झाडाची घडण समजून घ्यावी. आंब्याची फांदी छाटली तर बाजूने फुटवा येतो, कारण त्याला जागोजागी डोळे असतात. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यातल्या कोवळ्या पानांच्या गाभ्यात. तो गेला की झाड गेलं. खोडही आंब्यासारखं दरवर्षी जाड होत जात नाही. रोप आधी जमिनीलगत बुंध्याची पुरती जाडी भरून घेतं, मगच खोड वर काढतं. म्हणून पहिली काही वर्षं नुसती पानंच दिसतात. अशा वेळी 'झाड बसलंय' म्हणून खताचा मारा करू नये.

फ्लॅटच्या गॅलरीसाठी माझी पहिली पसंती ऱ्हापिसला, म्हणजे लेडी पामला. हा मूळचा दक्षिण चीनकडचा. बोरूएवढी बारीक, काथ्याने गुंडाळलेली खोडं, सावलीची आवड, आणि बुडातून येणारी पिल्लं. एक खोड मेलं तरी बेट जगतं, आणि बेट फोडून नवी कुंडीही भरता येते. कडक ऊन लागलं तर मात्र पानं पिवळी पडतात.

अंगणात ऊन भरपूर असेल तर बिस्मार्किया. मादागास्करचा हा पाम जर्मनीचे पहिले चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या नावाने ओळखला जातो. पानांवरच्या मेणाच्या थरामुळे त्याला रुपेरी-निळी झाक येते. देशावरचं ऊन त्याला मानवतं, पण पसारा सहज 5-6 मीटर होतो आणि मुळं दुखावली की तो रुसतो. तेव्हा जागा एकदाच, विचार करून ठरवा. लिकुआला ग्रँडिस याच्या अगदी उलट. वानुआतूच्या दमट रानातला हा लहानसा पाम. पान जवळजवळ अखंड, गोल आणि चुणीदार. कोकणात, गोव्यात झाडांच्या सावलीत तो खुलतो. देशावरच्या कोरड्या वाऱ्यात त्याच्या कडा करपतात. मधला मार्ग म्हणजे चायनीज फॅन पाम, लिव्हिस्टोना. त्याच्या पानांची टोकं चिरत जाऊन खाली लोंबतात. कोवळ्या झाडाच्या देठांना काटे असतात, म्हणून तो पायवाटेच्या कडेला नको. वॉशिंग्टोनिया बंगल्याच्या फाटकाशी हौसेने लावतात. तो पुढे दुमजली घरालाही मागे टाकतो. छोट्या प्लॉटवर तो टाळलेलाच बरा.

लावताना पिशवीत माती जिथवर होती तिथवरच बुंधा गाडा. खोल गाडलेल्या पामची मुळं गुदमरतात. पाऊस सुरू झाल्यावर लागवड करावी, पण खड्ड्यात पाणी साचता कामा नये.

नवं पान शेंड्यात घडी घालूनच तयार होतं. गेंड्या भुंगा त्या मिटलेल्या सुरळीतून आरपार भोक पाडतो, आणि पान उलगडल्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी कोर दिसतात. म्हणजे नुकसान आज दिसलं तरी ते आधीच झालेलं असतं. भुंगा आता कोंबाजवळ आहे का, ते पाहा. त्याच्या अळ्या शेणखताच्या जुन्या ढिगात वाढतात, म्हणून असा ढीग पामजवळ ठेवू नका.

खालची पानं ठिपके पडून टोकांकडून वाळू लागली तर बहुधा पालाश कमी पडलंय. कोकणात मुसळधार पावसाने ते मातीतून वाहून जातं. पाम मग जुन्या पानांतलं पालाश काढून नव्या पानांना पुरवतो. ती पिवळी पानं कापली, तर तो वरच्या पानांतून उचल करू लागतो आणि पिवळेपणा वर सरकतो. अशा वेळी पालाशयुक्त खत थोडं थोडं, विभागून द्या. माळी 'साफसफाई' करायला आला तर पूर्ण वाळलेलीच पानं काढायला सांगा, आणि शेंड्याला हात लावू देऊ नका.