तापाचा कितवा दिवस?

पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे आठवडे खान्देशातल्या बालरोगतज्ज्ञांना दम घेऊ देत नाहीत. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात काय, जळगावात काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय, तक्रार एकच, पोराला ताप येतोय: "पोऱ्याले ताप ई ऱ्हायना." त्यावर डॉक्टरांचा प्रश्नही ठरलेला असतो, कधीपासून? उत्तर तारखेत येत नाही. मागच्या बाजाराच्या दिवसापासून, मामाकडून परत आलो त्या रात्रीपासून, अशी ती मोजणी असते. घाईतला डॉक्टर ती ऐकून सोडून देतो आणि रक्त तपासायला पाठवतो. माझ्या मते इथेच निम्मं निदान हातचं जातं. मुलांच्या संसर्गजन्य आजारात कोणती तपासणी केली याला जितकं महत्त्व, तितकंच ती तापाच्या कितव्या दिवशी केली यालाही आहे.

डेंग्यूच घ्या. धुळ्यासारख्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी टाक्या आणि पिंप भरून ठेवलेली असतात. एडिस डासाच्या अंड्यातून आठ-दहा दिवसांत नवा डास बाहेर पडतो. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळा, असं आरोग्यसेवक सांगत फिरतात ते त्यामुळेच. या आजाराची 'एनएस-१' ही तपासणी पहिल्या पाचेक दिवसांत उपयोगाची. त्यानंतर एनएस-१ हा विषाणूचा अंश रक्तातून कमी होत जातो आणि 'आयजीएम' प्रतिपिंडं दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी आयजीएम करून "डेंग्यू नाही" म्हणणं आणि आठव्या दिवशी फक्त एनएस-१ करून तेच म्हणणं, दोन्ही सारखंच फसवं.

खरी मेख पुढे आहे. डेंग्यूचा धोका ताप चढलेला असताना नसतो, तो उतरताना असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग थंड लागतं, घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, मूल निपचित होणं किंवा विनाकारण किरकिरणं या त्याच्या खुणा. गावात मात्र चर्चा एकाच आकड्याची: पेशी किती झाल्या? प्लेटलेट कमी होतात हे खरं, पण झिरपण्याचा अंदाज रक्ताच्या दाटपणावरून, म्हणजे हिमॅटोक्रिटवरून येतो. प्लेटलेट उतरत असताना हा आकडा चढू लागला, तर डॉक्टर सावध होतात. पपईच्या पानांचा रस शोधायला सगळं घर धावतं. मुलाला लघवी शेवटची कधी झाली, हे मात्र कुणी सांगू शकत नाही. आणि अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, ताप उतरवायला पॅरासिटामॉल पुरे.

मुदतीच्या तापाची, म्हणजे टायफॉइडची गोष्ट याहून वाईट. फर्नांड विडाल या फ्रेंच डॉक्टरने १८९६ साली शोधलेली 'विडाल' तपासणी आपल्याकडे अजून धडाक्यात चालते. पण ती मोजते प्रतिपिंडं, आणि ती वाढायला आठवडा तरी लागतो. शिवाय जिथे पाण्यातून हा जंतू सतत पोटात जातो, तिथे धडधाकट माणसाची विडालही थोडीफार वर असू शकते. म्हणजे तिसऱ्या दिवशीच्या 'पॉझिटिव्ह' विडालवरून सुरू झालेलं औषध हा बऱ्याचदा निव्वळ अंदाज असतो. खात्रीची तपासणी रक्ताचं कल्चर, तेही पहिल्या आठवड्यात आणि प्रतिजैविक सुरू होण्याआधी. आपल्याकडे क्रम उलटा: आधी सुई, मग दोन गोळ्या, मग तपासणी. रोज थोडा थोडा चढत जाणारा ताप, पांढरट जीभ, पोटदुखी, हाताला लागणारी यकृत-प्लीहा, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, एवढं जमून आलं की अनुभवी डॉक्टरला वास येतो. पण त्याचा पुरावा कल्चरच्या बाटलीत असतो.

त्याच १८९६ साली न्यूयॉर्कच्या हेन्री कॉप्लिक यांनी गोवराच्या मुलांच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके नोंदवले. पुरळ येण्याआधी एक-दोन दिवस ते दिसतात आणि लगेच मावळतात. टॉर्च हातात असलेल्या डॉक्टरला ही फुकटातली तपासणी आहे. तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक, लाल डोळे, मग कानामागे आणि कपाळावर सुरू होऊन पायांकडे उतरणारं पुरळ, हा गोवराचा ठरलेला प्रवास. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना संसर्ग देत असतं, म्हणून निदान होईपर्यंत वर्गातल्या बाकांवर गोवर पसरलेला असतो. २०२२च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगावात उद्रेक झाला तेव्हा धुळ्यालाही चिंता होतीच. मुंबई-आग्रा महामार्गावर मालेगाव ते धुळे हे जेमतेम तासाभराचं अंतर. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांचे नऊ महिन्यांचे आणि सोळा ते चोवीस महिन्यांचे डोस चुकतात, तिथे असा उद्रेक पेट घेतो. इथेही दिवस पाहावा लागतो: पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत आयजीएम नकारार्थी येऊ शकतं, मग घशाच्या स्रावाचा नमुना कामी येतो. आणि देवीची कृपा म्हणून कडुलिंबाच्या पाल्यात झोपवलेल्या मुलाला 'अ' जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा लागोपाठ दोन दिवस मिळाल्या पाहिजेत. पाल्याने काही बिघडत नाही, मात्रा चुकली तर बिघडतं.

दिवस मोजायला वेळच देत नाही असा एक विषाणू मात्र अस्सल महाराष्ट्राचा आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून त्याचं नाव पडलं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६५ साली तो वेगळा केला. बरीच वर्षं तो निरुपद्रवी मानला गेला. २००३ साली आंध्र प्रदेशात ३२९ मुलं मेंदूज्वराने आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली, आणि चांदीपुराचं खरं रूप कळलं. २०२४च्या पावसाळ्यात, जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत, देशात मुख्यतः गुजरातेत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले; त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. तो पसरवते वाळूमाशी, आणि तिला मातीच्या भिंतींच्या भेगा आवडतात. धाब्याची घरं, शेजारी गोठा आणि लगतचा गुजरात असलेल्या भागाला हे परकं नाही. सकाळी खेळणारं मूल दुपारी तापतं, उलट्या, झटके आणि रात्रीपर्यंत बेशुद्धी. इथे अहवालाची वाट पाहायची नसते. झटके थांबवणं, श्वास राखणं, रक्तातली साखर आणि मलेरिया लगेच तपासणं आधी. पाठीतलं पाणी काढून करायच्या तपासण्या मूल सावरल्यावर. पाठीतलं पाणी काढलं की मूल लुळं पडतं, ही भीती अजून गावोगाव आहे, आणि तिच्यापायी मेंदूज्वराचं निदान अडून राहतं.

न्यूमोनियासाठी तर यंत्रही लागत नाही. घड्याळ समोर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे: दोन महिन्यांच्या आतील बाळात ६० किंवा अधिक, वर्षभरापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. छाती आत ओढली जात असेल तर थेट रुग्णालय. आशाताई हे मोजतात, आणि नीट मोजतात.

याच्या अगदी उलट टोकाला आहे क्षय. तिथे दिवसांचा नाही, आठवड्यांचा हिशेब. दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा ताप, वजन न वाढणं आणि घरात कुणा मोठ्याला खोकला, अशा गोष्टी दिसल्या की तपास सुरू. पण लहान मुलाला बेडका थुंकता येत नाही, ते गिळतं. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातला द्रव काढतात आणि क्षयाचा जंतू शोधणाऱ्या 'सीबीनॅट' यंत्रावर तपासतात. त्यासाठी रुग्णालयात मुक्काम करावा लागतो, आणि वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून तेवढं थांबणं कापूसवेचणीच्या बाईला परवडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०पासून मुलांच्या शौचाच्या नमुन्यावरही ही तपासणी चालेल असं सांगितलं आहे. तो नमुना आईला घरीच डबीत घेता येतो.