राक्षसाला हवं तरी काय?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या पुस्तकात बॅलॉर नावाचा एक सैतान आहे. मोठे पंख, अंगाला आग, एका हातात विजेची तलवार, दुसऱ्यात पेटता चाबूक. २०१४ च्या आवृत्तीत त्याची प्राणशक्ती २६२ आहे आणि चिलखताचा आकडा १९. हे दोन आकडे खेळणाऱ्यांना कळले की भीती संपते आणि गणित सुरू होतं. आपण पाच जण, प्रत्येकाचा घाव सरासरी वीसचा, म्हणजे तीन फेऱ्यांत खलास.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तो प्रसिद्ध केला. पडदा नाही, बटणं नाहीत. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र होतो आणि एक जण गोष्ट चालवतो. घाव बसला की हुकला हे फासे ठरवतात. हिंजवडीत एका मित्राच्या फ्लॅटवर शनिवारी रात्री आमचा हा डाव रंगतो. गोष्ट चालवण्याचं काम माझ्याकडे असतं. खेळणारे सगळे आयटीतले, त्यात दोघं टेस्टिंगवाले. समोर काहीही आलं की ते आधी कुठे मोडेल हे शोधायचं, हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांना घाबरवायचं कसं, हा माझा प्रश्न. त्यावर वाचत गेलो आणि वाचता वाचता आपल्याच गावाच्या शिवेवर येऊन पोचलो.

गंमत अशी की आपला राक्षस या खेळात फार पूर्वीच गेला आहे. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये ‘राक्षस’ याच नावाने तो भेटतो. वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात पाइप, असं एखाद्या संस्थानिकासारखं त्याचं चित्र आहे. मंतरलेला बाण लागला की तो मरतो. ही युक्ती पुराणातली नाही. १९७४ साली ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या एका भागात राक्षस असाच मारला होता. पण त्याच भागातली दुसरी गोष्ट मात्र खरी दचकवणारी आहे. तो राक्षस समोरच्याच्या मनातल्या सर्वांत विश्वासू माणसाचं रूप घेऊन येतो. खेळाच्या पुस्तकानेही हे उचललं. टेबलावर मी पाहिलं आहे, वाघाच्या डोक्याला हसणारी माणसं या एका कलमापाशी गप्प होतात.

म्हणजे भीती शिंगांत नाही. मग कशात आहे? याचं उत्तर मला एका सरकारी अधिकाऱ्याच्या टिपणांत सापडलं. ए. एम. टी. जॅक्सन हे नाव मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. नाशिकचा हा कलेक्टर २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडला. या जॅक्सनने लोकसमजुतींबद्दल माहिती गोळा करायला घेतली होती, आणि ठिकठिकाणच्या शाळामास्तरांनी त्याच्या प्रश्नांना उत्तरं पाठवली होती. त्याच्या मागे आर. ई. एन्थोव्हेन यांनी ती संपादित केली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. त्यात भुतांच्या जाती आहेत, आणि ‘जाती’ हा शब्द मी उगाच वापरत नाही.

मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला ब्राह्मणाचा मुलगा. तो पिंपळावर राहतो. ब्रह्मसमंध म्हणजे धनात जीव अडकलेला ब्राह्मण. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. गिऱ्हा पाण्यात बुडून मेलेला. या यादीत कुठेही प्राणशक्तीचा आकडा नाही, नखांची लांबी नाही. आहे ते फक्त मरणाचं कारण आणि राहून गेलेली इच्छा. आपलं भूत म्हणजे न फिटलेला हिशेब. हडळीचे उलटे पाय नाटकात हसू आणतात, पण ज्या काळात प्रत्येक गावात बाळंतपणात बायका मरत होत्या, त्या काळी ते नाव घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादी ओळखीची बाई उभी राहत असणार. आणि ती मेल्यावरही तिलाच भ्यायचं, तिच्यावर ही वेळ का आली हे विचारायचं नाही, हा या समजुतीतला अन्याय मला हडळीपेक्षा जास्त काळा वाटतो. ती खेळात आणायची तर हे वगळून आणता येत नाही. वगळलं तर उरते मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतली एक बाई, आणि तिचा मालिकांनी केव्हाच चोथा केलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात मी गिऱ्हा आणला. गिऱ्हाची शेंडी ज्याच्या हाती लागते त्याचा तो चाकर होतो, असं कोकणात सांगतात. शेंडी परत मिळाली की मात्र तो सगळ्याचा वचपा काढतो. खेळातल्या एका पात्राला मी ती शेंडी सहज मिळू दिली. मग कामं होऊ लागली. मासे दारात येऊन पडायचे, वाहून गेलेली होडी परत यायची. फक्त रोज रात्री दारावर थाप पडायची आणि एक नम्र आवाज विचारायचा, “माझं तेवढं देता का?” ना धमकी, ना हल्ला. तिसऱ्या रात्री तो आवाज त्या पात्राच्या बुडालेल्या भावाचा झाला. त्या शनिवारी कुणी फासे उचलले नाहीत. ‘याची प्राणशक्ती किती?’ हा प्रश्नच आला नाही, कारण त्याला मारायचं कारण कुणापाशी नव्हतं. तो मागत होता ते त्याचंच होतं. टेस्टिंगवाल्यांपैकी एकाने शेंडी देऊन टाकू म्हटलं, दुसरा मासे मोजत होता. भांडण तिथून सुरू झालं.

‘तुंबाड’ ज्यांनी पाहिला असेल त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. राही अनिल बर्वे यांच्या या २०१८ च्या चित्रपटात हस्तरचे नियम प्रेक्षकाला स्वच्छ कळतात. त्याला सोनं मिळालं पण अन्न नाही, म्हणून तो कायमचा भुकेला. कणकेची बाहुली टाकली की तो तिच्यावर तुटून पडतो, तेवढ्यात त्याच्या लंगोटातल्या मोहरा पळवायच्या. पिठाच्या रिंगणात राहिलं तर वाचता येतं. सैतानाबद्दल जितकं कमी सांगाल तितकी भीती जास्त, असा एक लाडका सल्ला आहे. मला तो अर्धाच पटतो. नियम माहीत असतात, आणि तरी आणखी एक बाहुली न्यावी असं वाटतं, तेव्हा अंगावर काटा येतो. धोका तेव्हा हस्तरकडे नसतो, माणसाच्या हावेत असतो. याउलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ (२०२०) हा संगणकावरचा खेळ पाहा. दिसायला देखणा, आपल्या देवळांच्या भिंती, आपले असुर. पण तिथले असुर लढण्यासाठी आहेत, त्यांच्याशी बोलता येत नाही, म्हणून त्यांची भीतीही वाटत नाही. त्या खेळाला ती बहुधा नकोच असावी.

अमेरिकेत या सैतानांवरून वेगळाच गोंधळ झाला. पोरं सैतानपूजक होतील म्हणून पालक आणि धर्मसंस्था ओरडू लागल्या, तेव्हा १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ हा शब्दच काढला आणि त्यांना ‘तनारी’ असं बनावट नाव दिलं. आपल्याकडे ही अडचण यायचं कारण नव्हतं, कारण देव आणि दैत्य यांच्यामधली भिंत इथे मुळातच कच्ची आहे. नरक चतुर्दशीला आपण कारीट पायाखाली चिरडतो, तो नरकासुर. दोनच दिवसांनी बळीची पूजा करतो आणि त्याचं राज्य यावं असं म्हणतो, तोही असुरच. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ (१९६२) या पुस्तकात पुण्याच्या आसपासच्या म्हसोबांचा माग महिषासुरापर्यंत नेला आहे. देवीने ज्याला मारलं असं पुराण म्हणतं, तोच इथे शेताच्या बांधावर शेंदूर लावून बसला आहे, आणि काही ठिकाणी तर देवीचा नवरा आहे. कुणाचा राक्षस आणि कुणाचा देव, हे पोथी कुणी लिहिली यावर ठरतं.

हे हिंजवडीत बसून वाचताना पुस्तकी राहत नाही. राजीव गांधी आयटी पार्क होण्याच्या कितीतरी आधीपासून हे म्हातोबाचं गाव आहे. चैत्री पौर्णिमेला इथून वाकडला बगाड निघतं, मानकरी गळ टोचून घेतो, आणि त्या दिवशी काचेच्या इमारतींतले लोक वाहतूक कुठून वळवली आहे ते फोनवर बघत बसतात. आमच्यातल्या एकाने मागे सुचवलं होतं की बांधावरचा शेंदरी दगड, गळ, बगाड हे सगळं घेऊन एक झकास गोष्ट होईल, शेवटी त्या दगडातून काहीतरी बाहेर येईल. गोष्ट झाली असती, आणि भीतीही वाटली असती. पण टेबलावर वाकडचाच एक जण होता. त्याच्या घरी दर वर्षी नारळ चढतो. तो काही बोलला नाही, नुसते फासे हातात खेळवत राहिला.

तेव्हापासून माझ्या वहीत दोन याद्या आहेत. एकीत ज्यांची पूजा थांबली आहे किंवा कधी नव्हतीच, असे गिऱ्हा, चकवा, झोटिंग. दुसरीत ज्यांना आजही कुणी नारळ देतं ते. दुसऱ्या यादीतल्यांना आमच्या टेबलावर आकडा नाही. पात्रं त्यांच्या हद्दीतून जातात, चप्पल काढतात की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं, आणि पुढे काय होतं ते मी फासे न टाकता सांगतो.